उर्बिनोतले एक सत्र

उर्बिनोला रेल्वे जात नाही. फानोहून येणारी जुनी लाइन १९८७ साली बंद पडली. तेव्हापासून आद्रियाटिक किनाऱ्यावरच्या पेझारो स्टेशनात उतरायचे आणि बसने तासाभरात डोंगर चढायचा, हाच रिवाज आहे. मार्के प्रांतातले हे तटबंदीचे गाव चित्रकार राफाएलचे जन्मस्थान. तो इथे १४८३ साली जन्मला. ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोचा दोन मनोऱ्यांचा वाडा आजही गावावर नजर ठेवून उभा आहे. १९९८ पासून जुने गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. विद्यापीठ १५०६ चे. वस्ती चौदा-पंधरा हजारांची आणि विद्यार्थीही जवळपास तितकेच, म्हणजे गावात विद्यापीठ आहे की विद्यापीठात गाव, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला थांबावे लागेल.

अशा ठिकाणी आपल्याकडच्या मुलाने किंवा मुलीने पदवीच्या मधले एक सत्र काढावे का? हा प्रश्न आता केवळ श्रीमंतांच्या घरातला राहिलेला नाही. युरोपीय संघाची एरॅस्मस योजना २०१५ पासून भारतासारख्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीही सत्रभराच्या मुक्कामाला पैसे देते. आपली विद्यापीठे आणि खासगी महाविद्यालये परदेशी संस्थांशी करार करत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही परदेशात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरायला दार उघडले आहे. दार उघडले म्हणजे घरात घेतले असे मात्र नव्हे. त्याकडे पुढे येऊच.

या प्रश्नावर दोन बाजू आहेत आणि दोन्हीकडे शहाणी माणसे आहेत. एका बाजूला असे मानणारे की वीस-एकविसाव्या वर्षी परक्या गावात स्वतःचे स्वतः निभावणे हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठे शिक्षण आहे, आणि त्यासाठी मोठ्या शहरापेक्षा लहान गाव बरे. दुसऱ्या बाजूला असे विचारणारे, की पाच-सहा महिन्यांत असे काय हाती लागते, ज्यासाठी चालू अभ्यासक्रम मोडायचा, लाखो रुपये घालायचे आणि ज्या गावात संध्याकाळी आठनंतर बस मिळणे कठीण तिथे पोर पाठवायचे?

लहान गावाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा भाषेचा आहे. मिलानमध्ये इंग्रजीवर वर्ष निघते. तिथल्या तंत्रविद्यापीठात इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम आहेत, भारतीय विद्यार्थ्यांचे गट आहेत, मसाले-डाळी मिळणारी दुकाने आहेत. अनेकांना इटली सोडताना कॉफी मागण्यापलीकडे इटालियन येत नाही, आणि त्यांचे त्यावाचून काही अडलेलेही नसते. उर्बिनोत अडते. बसचे तिकीट तंबाखूच्या दुकानातून घ्यायचे असते, घरमालकीण गॅसच्या बिलाबद्दल जे सांगते ते इटालियनमध्येच, आणि पोस्टातल्या बाई अर्जातली चूक दाखवतात तीही इटालियनमध्येच. पुण्या-मुंबईच्या वर्गात घोकलेली क्रियापदे इथे महिन्याभरात तोंडात बसतात, कारण ती न बसवून चालत नाही.

तथापि, हीच गोष्ट उलट बाजूनेही तितकीच खरी आहे. सत्रात शिकवण्याचे आठवडे बारा-तेरा. उर्बिनोसारख्या विद्यापीठात पदवीपातळीचे बहुतेक वर्ग इटालियनमधून चालतात. जो विद्यार्थी शून्यावरून येतो, त्याचे पहिले पाच-सहा आठवडे व्याख्याने ऐकण्यात नव्हे, तर ती ऐकू येण्याची वाट पाहण्यात जातात. भाषा उलगडू लागते तेव्हा परीक्षेच्या तारखा लागलेल्या असतात. वर्षभराचा मुक्काम असता तर हा तोटा भरून निघाला असता. सत्रात तो भरून निघेलच असे नाही. भाषेचा मुद्दा लहान गावाच्या बाजूने मांडणाऱ्यांनी विद्यार्थी आधीच थोडीफार इटालियन घेऊन आला आहे, असे गृहीत धरलेले असते. ते गृहीतक उघड सांगितलेले बरे.

परीक्षेचेही असेच आहे, आणि इथे जरा थांबावेसे वाटते, कारण परत आलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना सर्वांत जास्त बोलणे याच विषयावर होते. इटलीत बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते. प्राध्यापक समोर बसतात, विद्यार्थी त्यांच्यासमोर, आणि मागच्या बाकांवर आपली पाळी येण्याची वाट पाहणारे इतर. ही परीक्षा सार्वजनिक मानली जाते; कुणीही येऊन ऐकू शकते. गुण तिसांपैकी. अठरा म्हणजे उत्तीर्ण, तीस म्हणजे पूर्ण, आणि तिसावरही खास शाबासकीचा एक शेरा असतो. गुण तिथल्या तिथे तोंडावर सांगितले जातात. ते पटले नाहीत, तर बहुतेक ठिकाणी विद्यार्थी ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसू शकतो.

पेपर सोडवून, पुरवण्या जोडून आणि निकालाची वाट पाहत मोठ्या झालेल्या आपल्या मुलांना ही पद्धत हादरवते. काहींना ती घडवतेही. एखाद्या चित्रावर किंवा कायद्याच्या कलमावर वीस मिनिटे सलग बोलायचे, मध्येच आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आणि माहीत नसेल तर माहीत नाही असे म्हणायचे, हे आपल्याकडे फार थोड्या वर्गांत शिकवले जाते. मात्र याची दुसरी बाजू अशी की अर्धीमुर्धी भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षेत विषयाआधी भाषेची परीक्षा होते. लेखी पेपरात शब्द शोधायला वेळ असतो, इथे नसतो. पुष्कळ प्राध्यापक परदेशी विद्यार्थ्यांना समजून घेतात, काही इंग्रजीत उत्तरे देऊ देतात. पण समजून घेतलेले अठरा आणि कमावलेले अठरा गुणपत्रिकेवर सारखेच दिसतात, आणि विद्यार्थ्याला आतून फरक ठाऊक असतो.

मोठ्या शहराची तरफदारी करणारे एकटेपणाकडे बोट दाखवतात. ते उगाच नाही. इटलीतल्या विद्यापीठ-गावांचा आठवडा उलटा असतो: गुरुवारची रात्र गर्दीची, शनिवार-रविवार ओस. कारण इटालियन विद्यार्थी शुक्रवारी दुपारी बॅग उचलतात आणि घरी जातात. रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी आईने भरून दिलेले डबे घेऊन परततात. मागे उरतात ते परदेशी. दुपारी एक ते चार दुकाने बंद, रविवारी जवळपास सगळेच बंद, आणि हिवाळ्यात चार-पाच वाजताच अंधार. उर्बिनोत बर्फही पडते. मुंबईत वाढलेल्या मुलीला शांततेची ही मात्रा सोसेलच असे नाही. मन:स्वास्थ्याची तक्रार उद्भवली, तर तिच्या भाषेत बोलणारा समुपदेशक गावात मिळणे अवघड.

परंतु ज्यांना ते सोसते, त्यांना त्या गावात जे मिळते ते शहरात मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यात बेकरीवाला नावाने हाक मारतो. ज्याचे पुस्तक सकाळी ग्रंथालयात वाचले तो प्राध्यापक संध्याकाळी चौकात भेटतो. पिएरो देल्ला फ्रांचेस्काचे चाबकाच्या फटक्यांचे ते लहानसे, गूढ चित्र ड्यूकच्या वाड्यातल्या संग्रहालयात आहे. फ्लॉरेन्समध्ये अशा चित्रापुढे रांग असती, इथे मंगळवारी सकाळी त्याच्यासमोर एकट्याने बसता येते. कलेतिहास, जतन-संवर्धन, ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांसाठी उर्बिनो ही नुसती राहण्याची जागा नसून अभ्यासाचे साहित्यच आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्यासाठी ती नाही, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

जाता जाता खाण्याविषयी. क्रेशा नावाची पापुद्र्यांची पोळी ही उर्बिनोची खासियत. दिसायला आपल्या पराठ्याच्या जवळची, म्हणून शाकाहारी मुले खुशीने घेतात. पारंपरिक कृतीत तिला डुकराची चरबी लागते. विचारून खावे.

आता एका वेगळ्या नमुन्याकडे पाहू. तोस्कानातल्या कोर्तोना या डोंगरी गावात अमेरिकेतले जॉर्जिया विद्यापीठ साधारण १९७० पासून स्वतःचा उपक्रम चालवते. अशा उपक्रमांत अमेरिकी विद्यार्थी येतात, शिकवणारे बव्हंशी त्यांचेच, वर्ग इंग्रजीत, राहणे एकत्र. याला बेटासारखा मुक्काम म्हणून नावे ठेवण्याची प्रथा आहे, आणि त्या टीकेत तथ्य आहे: गाव पाठीमागचा पडदा होऊन राहते, विद्यार्थी एकमेकांतच मिसळतात. पण टीका करणाऱ्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. श्रेयांकांचा प्रश्न या नमुन्याने मुळातूनच सोडवलेला आहे. विद्यार्थी कोर्तोनात शिकला तरी गुण जॉर्जियाच्याच वहीत लिहिले जातात. कुणाच्या टेबलापुढे अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही.

हे टेबल हलके समजू नये. युरोपभर एवढी मोठी झालेली एरॅस्मस योजना अशाच एका टेबलावर सुरू झाली. सोफिया कोर्रादी ही रोमची तरुणी १९५७-५८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तौलनिक कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण मोजायला नकार दिला. परदेशातल्या वर्षाची दखल घ्यायला तिथल्या कचेरीत जागाच नव्हती, आणि अपमान वर. पुढे ती शिक्षणशास्त्राची अभ्यासक झाली आणि परदेशी शिक्षणाला मायदेशात मान्यता मिळावी, हा आग्रह तिने १९६९ पासून लावून धरला. योजना प्रत्यक्षात आली १९८७ मध्ये. पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. पैसा, निवास, प्रवास हे सगळे नंतरचे. योजनेचा कणा म्हणजे जाण्याआधी विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ या तिघांनी सही करायचा करार. कोणते विषय तिकडे शिकणार, त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते धरले जाणार, हे त्यात नावानिशी लिहिलेले असते. सत्राचे तीस श्रेयांक म्हणजे तीसच.

आपल्याकडे नेमके इथेच पाणी मुरते. २०२० च्या धोरणाने परदेशी श्रेयांकांना परवानगी दिली, पण ती ज्या-त्या संस्थेच्या गरजेनुसार योग्य वाटेल तिथे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनेही संयुक्त आणि जोड पदव्यांसाठी चौकट आखून दिली. कागद आहेत. तरीही विभागप्रमुख बदलले की मान्य केलेला विषय अमान्य होतो, तिसांपैकी चोवीस म्हणजे आपल्या मापात नेमके किती यावर परीक्षा विभाग महिना घालवतो, आणि विद्यार्थी परत आल्यावर चुकलेल्या सत्राचे पेपर पुन्हा देतो, असे घडते. ज्याला परतून तेच सत्र पुन्हा करावे लागते त्याच्यासाठी इटलीचे सहा महिने ही लांबलेली सहल ठरते, मग तिकडे तो कितीही मन लावून शिकलेला असो.

विद्यापीठांची बाजूही ऐकली पाहिजे. परीक्षा विभागाला हजारो विद्यार्थ्यांशी समान न्याय करायचा असतो. उर्बिनोतला कलेतिहास आणि इकडचा कलेतिहास यांच्या अभ्यासक्रमात किती साम्य आहे, हे पाहायला माणसे नाहीत. गुणांचे रूपांतर सैल ठेवले, तर परदेशी जाणाऱ्यालाच वरचा वर्ग मिळतो आणि न जाऊ शकणाऱ्यावर अन्याय होतो. कडक ठेवले, तर जाणाऱ्याचे नुकसान होते. ही अडचण बनवलेली नाही. शिवाय वेळापत्रके जुळत नाहीत. इटलीतले पहिले सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात. तोवर इथले पुढचे सत्र मध्यावर आलेले असते. दुसरे सत्र धरावे, तर ते फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन परीक्षांसह जुलैपर्यंत जाते, आणि इथे नवे वर्ष सुरू झालेले असते. एका सत्रासाठी गेलेला विद्यार्थी व्यवहारात दीड सत्र बाहेर राहतो. अंतिम वर्षात हे परवडण्यासारखे नाही.

पैशांच्या बाबतीत लहान गाव निर्विवाद पुढे आहे. उर्बिनोत खोली साधारण अडीचशे-तीनशे युरोंत मिळते. मिलानमध्ये त्याच्या दुपटीच्या पुढे जाते. जियानकार्लो दे कार्लो या वास्तुविशारदाने १९६० च्या दशकापासून तटाबाहेरच्या टेकडीवर बांधलेली विद्यार्थी निवासे आजही वापरात आहेत, आणि मेसमध्ये पोटभर जेवण स्वस्त आहे. तरी खोली, जेवण, विमान, विमा, व्हिसा असे सगळे धरून सहा महिन्यांना पाच लाख रुपयांच्या आसपास हिशेब जातो, असा आमचा अंदाज. एरॅस्मसचे अनुदान मिळाले, तर महिन्याला आठशे-नऊशे युरो येतात आणि लहान गावात तेवढ्यात भागते. नाही मिळाले, तर भार कुटुंबावर.

इथे एक विसंगती आहे, जिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. इटलीत पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला कौटुंबिक उत्पन्न कमी असेल, तर प्रांताची शिष्यवृत्ती मिळू शकते. ती युरोपबाहेरच्यांनाही खुली आहे, आणि तिच्यासोबत शुल्कमाफी आणि मेसची सवलत येते. भारत आणि इटली यांच्यात २०२३ साली झालेल्या स्थलांतर करारानुसार तिथले शिक्षण संपवणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला कामाचा अनुभव घेण्यासाठी आणखी बारा महिने राहता येते. सत्रभर जाणाऱ्याला यातले काहीच नाही. आपल्याकडची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, मधल्या एका सत्रासाठी नाही. म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला इटलीत दोन वर्षे काढणे एखादे सत्र काढण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. त्याने सत्राच्या मोहात न पडता पदवी पुरी करून मगच जावे, असा सल्ला कुणी दिला, तर तो खोडून काढणे कठीण आहे.

उलट बाजूने एवढेच म्हणता येते की दोन वर्षांचा निर्णय अंधारात घेण्याआधी सहा महिन्यांची ओळख असणे मोलाचे. आणि प्रत्येकाला परदेशी पदवी नको असते. इथेच राहून काम करायचे, पण एकदा वेगळ्या पद्धतीने शिकून पाहायचे, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी सत्र हेच योग्य माप आहे.

कागदपत्रांची यातायात लहान गावात आणि मोठ्या शहरात सारखीच, म्हणून थोडक्यात. पोहोचल्यापासून कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज पोस्टात द्यावा लागतो. सोळा युरोंचे महसुली तिकीट, बाकी शुल्क, मग पोलिसांकडची बोटांच्या ठशांची तारीख. परवान्याचे कार्ड हातात येते तेव्हा सत्र संपत आलेले असते, असा अनेकांचा अनुभव. सरकारी आरोग्यसेवेत ऐच्छिक नोंदणीसाठी परदेशी विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाला ७०० युरो मोजावे लागतात, म्हणून सत्रापुरते जाणारे बहुतेक खासगी विमाच घेतात.

गावकऱ्यांच्या बाजूचा विचार आपल्या चर्चेत सहसा नसतो. तो असायला हवा, कारण आपली मुले त्यांच्या घरांत राहणार आहेत. इटलीतल्या डोंगरी गावांना माणसांची वाण आहे. २०२४ मध्ये देशाचा जननदर स्त्रीमागे १.१८ मुलांपर्यंत उतरला, आणि तरुण उत्तरेकडे किंवा परदेशी जातात. उर्बिनोच्या दक्षिणेला असलेल्या कामेरिनोत १३३६ पासून शिक्षणाची परंपरा सांगितली जाते. २०१६ च्या ऑक्टोबरातल्या भूकंपांनी तिथले जुने गाव राहण्याजोगे उरले नाही. विद्यापीठाने मात्र वर्ग थांबू दिले नाहीत, आणि विद्यार्थी टिकले म्हणून गावही तगले. अशा ठिकाणी बाहेरून येणारा प्रत्येक विद्यार्थी कुणाच्या तरी दुकानाचा गल्ला असतो. पण खाटेगणिक भाडे मिळू लागले की तटाच्या आतली घरे विद्यार्थ्यांना जातात आणि जुनी कुटुंबे खाली नव्या वस्तीत उतरतात. गुरुवारच्या रात्रींच्या गोंगाटाबद्दल म्हाताऱ्यांची कुरकुर असते. ती खोटी नाही आणि नुसती कुरकुरही नाही.

आणि सावळ्या कातडीच्या भाडेकरूला कसे वागवले जाते? याचे एकच उत्तर नाही. पो नदीच्या खोऱ्यात गोठ्यांत राबणारे पंजाबी आता तिथल्या चीजच्या धंद्याचा आधार आहेत. नोवेल्लारा या छोट्या गावात २००० सालापासून गुरुद्वारा आहे. उंब्रियातल्या मोंतोने गावाने तर रायगड जिल्ह्यातल्या एका मराठी शिपायाची आठवण जपली आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये मोंतोनेने त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. लहान गावे असे उपकार विसरत नाहीत, असे म्हणावेसे वाटते. तरीही स्मारकापुढे फूल ठेवणे वेगळे आणि परक्या नावाच्या मुलाला फोनवरच खोली नाकारणे वेगळे. एकाच प्रांतात दोन्ही घडू शकते. मुलींच्या सुरक्षिततेचेही तसेच. सगळे एकमेकांना ओळखतात याचा आधार असतो, आणि सगळे आपल्याकडे बघतात याचा काचही.

सगळे तोलून पाहता आमचा कल लहान गावाकडे आहे, पण अटींसह. मोठ्या शहरातल्या सत्रापेक्षा उर्बिनोसारख्या गावातले सत्र शिक्षण म्हणून सरस, असे आम्हाला वाटते, कारण तिथे मुलाला आपल्या माणसांच्या घोळक्यात लपता येत नाही. ते तिथल्याच विद्यापीठात, तिथल्याच मुलांबरोबर असावे, बेट नको. मात्र ज्याला किमान दैनंदिन व्यवहारापुरती इटालियन येत नाही त्याने जाऊ नये, आणि ज्याच्या विषयाचा त्या गावाशी काही संबंध नाही त्याने बोलोन्या किंवा मिलान पाहावे. अंतिम वर्षात जाऊ नये. अनुदान नसेल, तर कर्ज काढून सत्रासाठी तर अजिबात नाही. तोच पैसा आणि तीच जिद्द पूर्ण पदवीसाठी राखावी. महाविद्यालयांनी एका वेळी दोघांना पाठवावे. एकटा मुलगा त्या रविवारांत खचू शकतो, आणि दहा गेले की त्यांचेच एक छोटे पुणे तयार होते.

असहमत होणाऱ्यांचा मुद्दा आम्हाला कळतो. अटींची ही यादी पुरी करणारे विद्यार्थी थोडेच निघतील, आणि ते बहुधा आधीच सुस्थितीतले असतील. यावर उपाय अनुदानाच्या जागा वाढवण्याचा आणि महाविद्यालयांत परदेशी भाषांचे वर्ग परवडणाऱ्या शुल्कात चालवण्याचा आहे. अटी सैल करण्याचा नव्हे.

राहता राहिले टेबल. ज्या विभागांनी इटालियन विद्यापीठांशी करार केले आहेत त्यांनी पुढच्या तुकडीची निवड करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात: तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, आणि तिसांपैकीच्या गुणांचे आपल्या श्रेणीत रूपांतर कसे होईल. विभागप्रमुख बदलले तरी तो कागद बदलू नये. आणि पालकांनी व्हिसाचे शुल्क भरण्याआधी तो कागद मागावा. मिळाला नाही, तर त्या वर्षी मुलाला पाठवू नये.